केसांना पाणी पाजणारे नाना

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या डोक्याकडे पाहत. बोलणारा बिचारा आपलं गाऱ्हाणं सांगत असे आणि नानांची नजर त्याच्या टोपीच्या कडेतून बाहेर आलेल्या केसांवर खिळलेली असे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी उकाड्यामुळे पगडी काढून टेबलावर ठेवली. नाना जवळ गेले, साहेबांच्या कानामागचा एक केस दोन बोटांत धरून त्यांनी चोळून पाहिला आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, पाणी कमी पडून राहिलं." साहेबांना वाटलं, मास्तर शाळेच्या विहिरीबद्दल बोलत आहेत. त्यांनी शेरेबुकात तसं लिहिलंही, आणि त्या वर्षी शाळेची विहीर खोल झाली.

नाना अमरावतीच्या एका शाळेत शास्त्र शिकवत. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता आणि शास्त्र शिकवणारा मास्तर म्हणजे काचेच्या नळ्या फोडणारा माणूस, एवढीच लोकांची समजूत होती. नानांना गाव 'ग्लिसरीन मास्तर' म्हणत असे. औषधांच्या दुकानातून ग्लिसरीनची बाटली नेणारे दोघेच, एक डॉक्टर आणि दुसरे नाना. डॉक्टर ती रोग्यांसाठी नेत. नाना माझ्यासाठी नेत.

केसांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते त्यांनी ज्याला सांगितलं नाही असा माणूस आमच्या गल्लीत नव्हता. "केसाले तेल नाही, पाणी पाहिजे. तेल म्हणजे छत्री. आतमंधी पाणीच नसलं तं छत्री कोणाले उघडून राहिले तुम्ही?" हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे म्हणत की ऐकणाऱ्याचा हात आपोआप आपल्या डोक्याकडे जाई. माझी आई मात्र तिळाच्या तेलाची. तिच्या माहेरी घाणा होता. ती चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "सोताच्या डोक्यावर पीक नाही आन् गावाले शेती शिकवून राहिले." हे खरंच होतं. नानांचं डोकं तिशीतच सपाट झालं होतं. पण टक्कल असलेला माणूस केसांचा विचार जितक्या निष्ठेनं करतो तितक्या निष्ठेनं केस असलेला करत नाही, हे मी त्यांच्यावरूनच सांगते.

मला मुदतीचा ताप आला तेव्हा मी तेरा-चौदाची होते. तापातून उठले ती डोक्यावरचे निम्मे केस उशीवर ठेवूनच. पुढे जे उगवले ते आंबाडीच्या वाखासारखे, रुक्ष आणि पिवळट. आई दारामागे जाऊन रडली. आज वाचणाऱ्यांना हे अती वाटेल, म्हणून सांगते. त्या काळी मुलगी पाहायला आलेल्या बायका मुलीला चालून दाखवायला सांगत, सुईत दोरा ओवायला लावत आणि शेवटी वेणी सोडायला सांगत. गंगावन लावून केस लांब दाखवण्याची युक्ती सगळ्यांनाच ठाऊक होती, तेव्हा वेणी सोडून, बोटं घालून, हलकेच ओढून खात्री करून घेण्याची रीत होती. वेणी सोडली की मुलीचा निकाल लागे. नाक बसकं असलं तर हुंड्यात बसवता येत असे. केसांचं तसं नव्हतं. आजारी मुलीचे केस जातात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आजारी मुलगी कुणाला नको होती.

नानांनी आईला रडू दिलं आणि मग शाळेच्या कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी आणलं. त्यात लिहिलं होतं की ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि केस मऊ राखतं. नाना लिहिलेल्यावर नुसता विश्वास ठेवणारे नव्हते. श्रावणाचे दिवस होते, भिंतींना ओल आलेली, मीठ बरणीत वितळून गेलेलं. त्यांनी काचेच्या बशीत थोडं ग्लिसरीन ओतलं, बशीच्या कडेला शाईनं खूण केली आणि ती ओसरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ते खुणेच्या वर आलेलं होतं. नानांनी आईला पदर धरून ओसरीत आणलं. ते म्हणाले, "पाह्य. कोणी पाणी टाकलं नाही. त्यानं हवेतून ओढलं. आता हे पोरीच्या केसात बसन आन् हवेतलं पाणी पाजत राहीन त्याले." आईनं बशीकडे पाहिलं, मग आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गळून राहिलं असन वरून."

मग रविवार सुरू झाले. शिकेकाईनं न्हाणं आईकडे आणि त्यानंतरचं सगळं नानांकडे. ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एका वाटीत कालवून ते माझ्या मागे पाटावर बसत आणि केसांची एकेक बट हातात घेऊन मुळापासून टोकापर्यंत बोटं फिरवत. मोठ्या झालेल्या मुलीच्या डोक्याला बापानं हात लावण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. बापाचा हात पाठीवर पडायचा तोही परीक्षेच्या निकालाला. म्हणून त्या रविवारांचं मला फार अप्रूप वाटे. नाना केस चोळता चोळता मला शिकवत, दव कसं पडतं, मडक्यातलं पाणी गार का होतं, लोणार सरोवराचं पाणी खारट का आहे. शाळेत ते पोरांना छड्या मारत. पाटावर बसले की त्यांचा आवाज निराळाच होई. माझ्या आयुष्यातलं जे काही शिक्षण झालं ते त्या पाटावर झालं असं मी समजते.

आणि केस खरोखर मऊ झाले. श्रावण, भाद्रपद, अर्धा आश्विन, माझे केस हाताला लागत नव्हते इतके मऊ. शेजारच्या बायका येऊन हात लावून जात. आईनंसुद्धा एका दुपारी मी झोपले आहे असं समजून माझी वेणी हातात घेऊन पाहिली आणि तेलाची बुधली कोनाड्यात मागे सरकवली. नाना तेव्हा कुठल्याही गोष्टीवर हसत. रस्त्यानं जाताना कुणी विचारलं, "मास्तर, काय बनवून राहिले?" तर मान ताठ करून म्हणत, "औषध." लेप नाही, अर्क नाही, औषध. त्यांना तो शब्द फार आवडे. डॉक्टरही तोच शब्द वापरतात ना. आई म्हणायची, "औषध कायले म्हणता? पोरगी काय बिमार आहे?" नाना म्हणायचे, "ज्यानं गुण येते ते औषध."

दिवाळी झाली आणि थंडी पडली. वऱ्हाडातली थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, बैलांच्या नाकावर भेगा पडतात. माझे केस पुन्हा कडक व्हायला लागले. पहिल्यांदा टोकं, मग वर वर. मी नानांना सांगितलं. त्यांनी केस चोळून पाहिला आणि वाटीतलं ग्लिसरीन वाढवलं. पुढच्या रविवारी केस अधिक कडक. त्यांनी आणखी वाढवलं. केसांना हात लावला की बोटं चिकटत आणि तरीही केस मात्र कोरडेच. हे कोडं त्यांना सुटेना. "औषध कमी पडून राहिलं," एवढंच ते म्हणत, आणि हा एकच निष्कर्ष ते पुन्हा पुन्हा काढत राहिले. शास्त्राच्या माणसाचं असं होतं. एकदा बशी भरलेली पाहिली की तो तिला रिकामी होताना पाहतच नाही.

माघात त्यांना जवसाची युक्ती सुचली. जवस पाण्यात उकळलं की बुळबुळीत चीक सुटतो, ओला असताना रेशमासारखा. तो त्यांनी ग्लिसरीनमध्ये मिसळला. लावताना केस असे घसरत की नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारी केस वाळले आणि मी मान हलवली तेव्हा वेणी हललीच नाही. आईनं वेणीला बोटानं टिचकी मारली. "धोतराले देतेत ते खळ देल्ली का हो पोरीले?" नाना हसले नाहीत. म्हणाले, "मुरू दे. अजून मुरलं नाही." मीही आईला तेल लावू दिलं नाही. माझा नानांवर विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर मला रविवार जायला नको होते.

चैत्रात अकोल्याचं स्थळ आलं. वकिलाचं घर, मुलगा नागपूरला शिकत असलेला, पत्रिका जमलेली. आमच्यासारख्या मास्तराच्या घरी असं स्थळ चालून येणं म्हणजे आईच्या भाषेत, देवानं दार ठोठावणं. अकोल्याला माझी मावशी होती, तिच्याकडेच पाहण्याचं ठरलं. आम्ही बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला पोचलो तेव्हा उन्हाचा असा तडाखा होता की फलाटावरच्या नळाखाली धरलेला हात वर काढेपर्यंत वाळत होता. नाना आपल्या वाळलेल्या हाताकडे पाहत थोडे थांबले होते, हे मला आठवतं. मग आईनं हाक मारली आणि ते निघाले.

मावशीच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यात पाणीच खारट, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यानं मी न्हाले. केसांवर पांढुरकी भुकटी धरली. आई घाबरली आणि मावशीनं खोबरेल पुढे केलं. नानांनी बुधली तिच्या हातातून काढून घेतली. "आजच्या दिवशी तेल नाही. आज दुप्पट औषध लावतो." आणि त्यांनी पाटावर बसून दुप्पट लावलं. त्या दिवशी त्यांनी मला काही शिकवलं नाही. उन्हाळी वारा खिडकीतून आत येत होता आणि आई त्यात मला पंख्यानं वारा घालत होती, केस लवकर वाळावे म्हणून.

संध्याकाळी मंडळी आली. पुरुष बाहेरच्या खोलीत, बायका माजघरात. मुलाची आत्या हुशार, चष्मेवाली आणि घरात तिचाच शब्द. बोलायला प्रेमळ होती, तिचा दोष काही नव्हता. मी चालले, दोरा ओवला, कुंकवाचं बोट लावून घेतलं. मग तिनं म्हटलं, "बाई, केस सोडतं का जरा?" मावशीनं माझी वेणी उकलली. तीन पेड सुटे झाले आणि खाली आलेच नाहीत. वेणीचा आकार तसाच हवेत धरून, तीन वळलेल्या दोरांसारखे पाठीवर उभे राहिले. आत्यानं एक पेड हातात घेतला, दाबला, आणि रीतीप्रमाणे हलकेच ओढला. तो मधूनच तुटून तिच्या हातात आला.

तिनं चष्मा वर केला आणि आईला शांतपणे विचारलं, "गंगावन हाय का हे?"

माझे स्वतःचे केस, तापातून उठून मोठ्या कष्टानं वाढलेले, आणि ते खोटे ठरले होते. मी म्हणाले, "माझेच आहेत," पण मुलीनं बोलायचं नसतं, तेव्हा ते कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते बाहेरच्या खोलीत बसलेल्या नानांनी. ते सरळ माजघराच्या दारात येऊन उभे राहिले. बायकांनी पदर सावरले.

"गंगावन नाही बाई. खरे केस आहेत तिचे," नाना म्हणाले. "मी सोता औषध लावतो त्याले."

"औषध?" आत्याबाईंनी पेड खाली ठेवला. "कायचं औषध?"

"केसाचं. दर रविवारी."

"किती दिवसापासून?"

"ताप आल्यापासून लावून राहिलो ना."

"कोनता ताप?"

आई डोळ्यांनी खुणावत होती, मावशी खोकत होती. नाना दाराच्या चौकटीला टेकले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मुदतीचा ताप, गळलेले केस, ग्लिसरीन, श्रावणातली बशी, जवसाचा चीक. ते खोटं बोलणारे नव्हतेच, आणि त्या दिवशी तर त्यांना वाटत होतं की खरं सांगितलं की संशय जातो. आत्याबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "हाव का. बरं झालं सांगितलं." पोहे खाल्ले, वाटीतली साखर तोंडात टाकली आणि सगळे उठले.

परतीच्या गाडीत नाना खुशीत होते. "बाई मोठी जिज्ञासू आहे," ते आईला म्हणाले. "किती नीट विचारून राहिली होती. त्या घरात शास्त्राची कदर आहे." आईनं खिडकीकडे तोंड केलं. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं, ती वळली नाही. मी वेणी पदराखाली दडवून बसले होते. ती टोचत होती.

निरोप आला तो पत्रिका जमत नसल्याचा. जमलेल्या पत्रिकेचं काय झालं हे विचारायची पद्धत नसते. पण अकोला-अमरावती अंतर ते किती, बोलणं आगगाडीच्या आधी पोचतं. 'मास्तराच्या पोरीच्या डोक्याले रोग आहे. बाप औषध लावते.' पुढं जे स्थळ येई ते दारातच विचारी, पोरीचं औषध सुरू आहे का अजून. आई नानांना हात जोडून सांगे, "तुम्ही बोलू नका. मले बोलू द्या." आणि नाना बोलत. ते खुलासा करत. औषध म्हणजे औषध नव्हे, रोग मुळीच नाही, हे फक्त ग्लिसरीन, असं सुरू झालं की समोरचा माणूस टोपी चाचपत उठायच्या तयारीला लागे. जितका खुलासा, तितका रोग पक्का. एकदा ते कुणालाही न सांगता अकोल्याला जाऊन आले. वकिलांनी त्यांना ओसरीत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं बराबर असन. पण पोराचं तं ठरलं." नाना त्याच दिवशी परत आले. जेवले नाहीत.

त्याच वैशाखात त्यांना कळलं. माझ्या फणीतलं गुंतवळ त्यांनी जपून ठेवलं होतं. त्याच्या दोन जुड्या केल्या, एक औषधात बुडवली, एक नुसत्या पाण्यात, आणि दोन्ही माळवदावर दोरीला टांगल्या. उन्हं कलताना मला वर बोलावलं. पाण्यातली जुडी वाळून वाऱ्यानं हलत होती. औषधातली खराट्याच्या काडीसारखी ताठ. नानांनी ती दोन बोटांत वाकवली. ती मोडली. बाजूला तीच काचेची बशी होती, पाणी मिसळलेल्या ग्लिसरीनची, आणि ते शाईच्या खुणेच्या पार खाली गेलं होतं.

"हवेत पाणी असलं तं हवेतलं ओढते ते," नाना म्हणाले. माझ्याकडे न पाहता, जुडीशी बोलल्यासारखे. "हवेत नसलं तं केसातलंच ओढते आन् वाऱ्याले देऊन टाकते. वरून जवस वाळून पापुद्रा झाला त्याचा. वरून खाऱ्या पाण्याची भुकटी. मी तुले पाणी पाजून नव्हतो राहिलो. तुहं होतं नव्हतं ते काढून राहिलो होतो." मग म्हणाले, "पुस्तक विलायतचं आहे. तिथं बाराही महिने श्रावण असन."

मी म्हणाले, "आता कळलं ना नाना. झालं."

"कळून काय करतं?" ते म्हणाले. आणि खरंच, कळून काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. रोग नाही हे सिद्ध करायला ते कुणाकडे जाणार होते? अकोल्याच्या वकिलाला बशी दाखवणार होते? मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, आणि बरेच दिवस राहिला. पण त्या माळवदावर मला त्यांची इतकी कीव आली की मी खाली जाऊन आईपाशी बसले, आणि आम्ही दोघींनी तांदूळ निवडले.

त्या दिवसापासून नानांनी माझ्या केसांना हात लावला नाही. वाटी, बाटल्या, गाळणं सगळं शाळेत नेऊन ठेवलं. पुढच्या रविवारी मी न्हाऊन सवयीनं पाटावर जाऊन बसले, तर ते वर्तमानपत्र घेऊन बाहेर निघून गेले. आईनं बुधली काढली. ती चांगलं लावायची, पण घाईत लावायची आणि लावताना बोलायची नाही. मला नवरा मिळाला नाही याचं दुःख मी लोकांना वाटतं तितकं केलेलं नाही. तो मुलगा मी पाहिलासुद्धा नव्हता. रविवार गेले याचं मात्र मी आजही करते.

आणि गंमत पाहा, औषध थांबलं तसे केस आपोआप सुधारले. दुसऱ्या वर्षी खांद्याखाली आले, पुढं कमरेपर्यंत, काळेभोर, असे मऊ की आंबाड्यात काटे थांबत नसत. आता कुणीही वेणी सोडून पाहावी असे केस. पण सोडून पाहायला कुणी आलं नाही. मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, आई गेली, घरात आम्ही दोघंच राहिलो. सुट्टीच्या दिवशी मी अंगणात केस वाळवायला बसले की नाना आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवत. एवढे सुंदर केस त्यांनी कधी पाहिले नाहीत. त्यांना ते पाहवत नव्हते.

लढाई सुरू झाली आणि दुकानातून ग्लिसरीन नाहीसं झालं. कुणीतरी सांगितलं की ते दारूगोळ्यासाठी जातं. नाना म्हणाले, "बरं आहे. तिथं तं कामी येईन." त्याच सुमाराला भातकुलीकडची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आमच्या दारात आली. तिकडच्या खाऱ्या पाण्यानं पोरीच्या डोक्याचा काथ्या झालेला, आणि लग्न ठरायचं होतं. "गिलसरीन मास्तर तुमीच ना जी?" तिनं विचारलं. "पोरीले काईतरी औषध द्या."

नानांनी मुलीच्या डोक्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांनी त्यांना कुणाच्या डोक्याकडे तसं पाहताना मी पाहिलं. हात पुढं झाला आणि मागे आला. "विहिरीच्या पाण्यानं डोकं धुवू नका," ते म्हणाले. "पावसाचं पाणी रांजणात साठवा, त्यानं धुवा. वरून तीळतेल, ओलसर असताना. दुसरं काही नाही."

"आन् औषध?"

"औषध नका म्हणू, बाई. कोणापाशी हा शब्द काढू नका. पोरीले रोग नाही, पाण्याले आहे."

बाई निराश होऊन गेली. ग्लिसरीन मास्तराकडे येऊन तेलच लावायचं तर ती एवढ्या लांब कशाला आली असती? त्या मुलीचं पुढं काय झालं आम्हाला कळलं नाही. नाना मात्र ते बरेच दिवस विचारत राहिले, भातकुलीकडचं कोणी भेटलं का.

ते गेले त्या वर्षी थंडी लवकर आली होती. अंगात ताकद नव्हती, शुद्ध होती. मी सकाळी न्हाऊन, केस मोकळे सोडून त्यांना पेज भरवायला बसले होते. भरवताना केस पुढं आले आणि त्यांच्या मनगटावर पडले. त्यांनी पाहिलं. मान वळवायची शक्ती नव्हती म्हणूनही असेल, पण या वेळी पाहिलं. मला राहवलं नाही. मी वाटी खाली ठेवली, त्यांचा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मी म्हणाले, "पाहा ना नाना, किती मऊ आहेत. तेव्हापासून असेच आहेत. आता काहीच होत नाही त्यांना."

बोटं थोडी हलली. एक बट अंगठ्याखाली आली आणि त्यांनी ती चोळून पाहिली, जुन्या सवयीनं, शास्त्राच्या माणसासारखी. मला वाटलं, आता ते काहीतरी शिकवतील.

"नको व माय," ते म्हणाले. "माह्या हातानं बिघडतीन."

आणि त्यांनी हात काढून घेतला. तो गोधडीखाली नेला आणि दुसऱ्या हातानं गोधडी वर ओढून घेतली.